तोरणमाळचा मुक्काम : कॅम्परव्हॅन की तंबू?

शहाद्याहून सातपुडा चढून तोरणमाळ या नंदुरबार जिल्ह्यातील थंड हवेच्या ठिकाणी यशवंत तलावाजवळ दोन रात्री राहायचे असल्यास कॅम्परव्हॅन न्यावी की साध्या गाडीत तंबू टाकावा, याचा निर्णय घाटातील वळणे पाहूनच करावा. व्हॅनमध्ये अंथरूण, स्वयंपाक व शौचालय हाताशी असल्याने वृद्ध आई-वडील सोबत असतील तर मी तीच निवडीन. मात्र पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की १०० किलो वजन वाढते आणि उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात, म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. तंबूला काठापासून जरा उंच, सपाट जागा पुरते. हिवाळ्याच्या पहाटे कापडाच्या आतून पाण्याचे थेंब लोंबत असताना गरम कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा खाण्याचे सुख व्हॅनमध्ये नाही. कुठेही थांबण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी अवश्य करावी.