मायक्रो सेट अन् मायक्रो सोल: नागपूरच्या हवेत या दोन बाटल्या कशा चालतात

सरळच सांगतो, रॅली कार नाहीतर रेस कारचं प्लास्टिकचं मॉडेल किट बांधत असाल तर त्यावरची डेकल्स (पाण्यात भिजवून लावायची छापील चित्रं) बसवायला मायक्रोस्केल कंपनीच्या या दोन्ही बाटल्या घ्या, निळ्या लेबलचं मायक्रो सेट अन् लाल लेबलचं मायक्रो सोल, पण दोन्ही घ्या, एकट्या लाल बाटलीवर भागत नाही. बरेच जण काय करतात, डेकल बॉडीवर मऊ होऊन पॅनल लाईनमध्ये, म्हणजे दरवाजा-बॉनेटच्या जोडांच्या खोल रेषेत, बसतानाचा व्हिडिओ बघतात अन् फक्त मायक्रो सोल मागवतात, निळी बाटली म्हणजे फालतू खर्च वाटतो. पण आपल्या नागपुरात तरी अर्ध्याहून जास्त काम निळ्या बाटलीचंच आहे, काहून ते सांगतो.

नवीन मंडळींसाठी आधी थोडक्यात. वॉटर स्लाईड डेकल म्हणजे खाली कागद, त्यावर पाण्यात सुटणारा गोंद, अन् वर पातळ पारदर्शक फिल्म ज्यावर नंबर, पट्टे, स्पॉन्सरची नावं छापलेली असतात. पाण्यात भिजवलं की गोंद सुटतो अन् डेकल कागदावरून सरकतं. स्टिकरसारखी जाडी नसते म्हणून वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक वार्निशचा थर, मारला की रंगवल्यासारखंच दिसतं. आता मायक्रो सेट, म्हणजे निळं लेबल, हे डेकलच्या खाली लावायचं. त्यात ॲसिटिक ॲसिड असतं म्हणून व्हिनेगरचा वास येतो. ते बॉडीवर थेंबाथेंबाने गोळा न होता सगळीकडे सारखं पसरतं, त्यामुळे डेकल सहज सरकतं अन् खाली हवा राहत नाही. मायक्रो सोल, लाल लेबल, हे वरून लावायचं अन् ते फिल्मच मऊ करतं. म्हणजे एक बाटली जागा ठरवायला वेळ देते अन् दुसरी लागली की तो वेळ संपतो, कारण सोल लागल्यावर डेकलला हात लावला की फाटलंच समजा.

मी या दोन्ही वापरल्या त्या मुख्यतः तामिया या जपानी कंपनीच्या १/२४ मापाच्या कॅस्ट्रॉल सेलिकावर (टोयोटाची रॅली कार), १९९३ ची मॉन्टे कार्लो रॅली दिदिए ओरिओलने जिंकली ती गाडी. हे किट मुद्दाम सांगतोय, कारण पांढऱ्या बॉडीवर हिरवा-लाल रंग बाजूने दरवाजावरून, हँडलवरून, फुगलेल्या व्हील आर्चवरून, म्हणजे चाकावरच्या कमानीवरून, जातो अन् तो सगळा डेकलमधूनच येतो. सपाट छतावर नंबर चिकटवायला कोणतंही पाणी चालतं भाऊ, परीक्षा होते ती व्हील आर्चच्या वळणावर.

तिथे मायक्रो सेट एकदम मस्त चाललं. दरवाजाची लाईन अन् डेकलवरची लाईन जुळवायला मोठं डेकल मागेपुढे करावंच लागतं, अन् सेट सढळ हाताने लावलं असेल तर ओल्या ब्रशने ढकललं की ते अडकत नाही. जागेवर आलं की मधून कडेकडे ओलसर कापसाच्या काडीने पाणी काढायचं, दाबून नाही, फिरवत फिरवत. अन् एक गोष्ट, डेकल पाण्यात टाकून विसरायचं नाही. कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर ठेवा, सरकायला लागेपर्यंत थांबा. पाण्यातच तरंगत ठेवलं तर गोंद धुऊन जातो अन् मंग लोक म्हणतात डेकल चिकटतच नाही.

मायक्रो सोलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तामियाची स्वतःची डेकल्स जाडसर असतात, त्यांच्यावर सोल सौम्य पडतं. हँडलभोवती, बॉनेटच्या जाळीवर पुन्हा पुन्हा हात मारावा लागतो, प्रत्येक वेळी पूर्ण सुकू देऊन. इटलीच्या कार्टोग्राफने छापलेली पातळ डेकल्स असतील तर हेच सोल बघता बघता सगळं खाली बसवतं. सोल लावल्यावर डेकल भाजलेल्या पापडासारखं सुरकुततं, ते बघून जीव घाबरतो, पण हात लावायचा नाही, सुकताना आपोआप सपाट होतं. व्हील आर्चच्या अगदी कडेला मात्र सोलने हात टेकले, तिथे मिस्टर हॉबीचं मार्क सॉफ्टर जास्त जोरात काम करतं, नाहीतर तामियाचं मार्क फिट स्ट्राँग. पण ही जोरदार औषधं आधी शीटवरच्या नको असलेल्या एखाद्या लोगोवर लावून बघा, फिल्म पातळ असेल तर ती गुंडाळली जाते, अन् ॲक्रिलिक रंगावर क्लिअर मारलेला नसेल तर खालचा रंगही उठू शकतो.

आता आपल्या हवेचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास, हवा कोरडी ठाक, अशा दुपारी साधं पाणी लावून डेकल ठेवलं तर ते जुळवायच्या आधीच कडा धरायला लागतं. मोठं डेकल असेल तर एक टोक नीट बसवेपर्यंत दुसरं टोक सुकून गेलेलं असतं. म्हणून म्हणतो की निळी बाटली आपल्याकडे जास्त कामाची, खाली सेटचा चांगला ओला थर असला की तेवढा वेळ मिळतो. तरी उन्हाळ्यात हे काम पहाटे नाहीतर रात्री उशिरा करा, पंखा बंद ठेवून. कूलर तर नकोच, त्याच्या झोताने कापलेले बारके लोगो उडतात अन् खोलीत दमटपणा वाढतो, त्यात लॅकरचा (थिनरमधल्या जोरदार रंगाचा) क्लिअर मारला की पांढरट धुकं धरतं. पावसाळ्यात उलटं होतं, जुलै-ऑगस्टमध्ये सोल सुकायलाच तयार नसतं, अशा वेळी रात्रभर हात न लावता ठेवून द्यायचं. थंडी सगळ्यात चांगली, फक्त वाटीतलं पाणी लवकर गार होतं तेवढं बदलत राहायचं.

पाण्यावरून आठवलं, बोअरचं पाणी वापरू नका. सुकल्यावर क्षारांचे डाग राहतात अन् ते काळ्या-निळ्या बॉडीवर लगेच दिसतात. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं, तेच घ्या.

चंदेरी डागांसाठी बाटलीला दोष देणारे लय आहेत. डेकलच्या पारदर्शक भागाखाली चमचम दिसते ती अडकलेली हवा असते, अन् ती अडकते कारण खाली रंग मॅट असतो, मॅट म्हणजे सूक्ष्म खडबडीत. मॅट बॉडीवर कितीही मायक्रो सोल ओता, पूर्ण जाणार नाही. आधी ग्लॉस क्लिअर, तो पक्का सुकू द्या, मग डेकल, हाच क्रम. एवढं करूनही बुडबुडा राहिलाच तर सुईने टोचायचं, नवीन ब्लेडने पॅनल लाईनवर हलकी चीर द्यायची अन् त्यावर थोडं सोल सोडायचं, ते आत शिरतं अन् बसतं. हे काम सोल खरंच छान करतं, यासाठी लाल बाटलीला पूर्ण मार्क. अन् डेकल कापताना कडेची रिकामी फिल्म जितकी निघेल तितकी आधीच काढा, कष्टाचं काम आहे पण शेवटी गाडी जवळून बघताना तेच दिसतं.

जुनं किट हाती लागलं अन् डेकल शीट पिवळी पडलेली असेल तर फेकू नका. झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा, सूर्यप्रकाशाने पिवळेपणा कमी होतो, अन् आपल्याकडे ऊन काय कमी आहे का बापा! पण जुनी फिल्म पाण्यात तुकडे होऊन फुटू शकते, म्हणून आधी कोपऱ्यातला एक लोगो भिजवून बघा, फुटला तर मायक्रोस्केलचंच लिक्विड डेकल फिल्म पूर्ण शीटवर एकदा ब्रशने फिरवा. सुकल्यावर प्रत्येक डेकल कडेने नीट कापावं लागतं कारण सगळी शीट एकच फिल्म होऊन बसते.

सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी बॉडी ओल्या मऊ कपड्याने पुसा, सेट-सोलचे अन् गोंदाचे डाग निघून जातात. हे न करता क्लिअर मारला की डाग कायमचे आत. अन् तामियाचा टीएस-१३ हा स्प्रे क्लिअर मारणार असाल तर पहिले हात अगदी दुरून, धुक्यासारखे, मध्ये सुकू देत, कारण हा लॅकर जोरदार आहे अन् एकदम ओला थर बसला तर डेकल खाऊन टाकतो. सोलने आधीच मऊ झालेलं डेकल तर लवकरच, म्हणून सोल लावल्यावर लगेच क्लिअरची घाई नको.

तक्रारी दोनच. एक, मायक्रोस्केलच्या झाकणात ब्रश येत नाही, जपानी बाटल्यांत येतो. दुसरी, बाटली लहान, साधारण तीस मिलीची, अन् सेट सढळ वापरायचं म्हटल्यावर निळी आधी संपते. मार्क सॉफ्टर अन् मार्क फिट चाळीस मिलीचे मिळतात. हे सगळं मला तरी ऑनलाईनच मागवावं लागलं, सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानांत विचारलं तर मुलांच्या हस्तकलेचे रंग दाखवतात. मागवताना विक्रेत्याला बाटल्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून पाठवायला सांगा, उन्हाळ्यात पार्सल गाडीत तापतं अन् झाकण सैल असेल तर सोल सोबतच्या सामानावर सांडतं.

फक्त रस्त्यावरच्या साध्या गाड्या बांधत असाल, नंबर प्लेट अन् एकदोन बॅज एवढंच डेकल असेल, तर एकट्या मायक्रो सेटवर आरामात भागतं. कॅस्ट्रॉल, मार्टिनी, गल्फ असल्या स्पॉन्सरच्या पट्ट्यांनी भरलेल्या गाड्या करायच्या असतील तर निळ्या दोन, लाल एक असं मागवा, अन् शून्य नंबरचा मऊ ब्रश प्रत्येकीसाठी वेगळा घ्या.