नऊ महिने, १४६ उड्डाणं, तीनदा जमिनीवर: मुंबईत राहून छोटा ड्रोन उडवताना

गेल्या गणपतीनंतर ऑफिसमधल्या एका मित्राकडून डीजेआय मिनी २ हा छोटा ड्रोन घेतला. वापरलेला. तीन बॅटऱ्या, रिमोट, बॅग सगळं धरून २८ हजार. जुना का घेतला, तर ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. मित्राने त्याच्या आधीच घेतला होता. मग त्याचं लग्न झालं, ड्रोन कपाटात गेला आणि वहिनींनी तो विकायला लावला, अशी सगळी हकीकत.

ॲपमधल्या नोंदीप्रमाणे आजवर १४६ उड्डाणं झाली, हवेतला वेळ साडेएकोणीस तास. तीनदा आपटला आणि एकदा समुद्रात जाता जाता वाचला. कॅमेरा कसा आहे, रंग कसे येतात यावर बोलणारे ढिगाने आहेत. मी फक्त आपटण्याबद्दल लिहितो, कारण घ्यायच्या आधी मला नेमकं तेच कुणी सांगितलं नव्हतं. चारही प्रसंग मी नंतर नोंदी काढून पाहिले. चूक दरवेळी ड्रोन वर जायच्या आधीच झालेली होती.

आधी मुंबईचं उरकतो. मी परळला राहतो. ड्रोन घरी आला त्या दिवसापासून बिल्डिंगमधला प्रत्येकजण विचारतोय, ‘गच्चीवरून कधी उडवतोस?’ उत्तर ठरलेलं: कधीच नाही. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा, मुंबई जवळपास सगळी लाल-पिवळी दिसते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंत अगदी जमिनीपासूनच लाल किंवा पिवळा भाग; पिवळा म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर पिवळा. त्यात जुहूचा विमानतळ आहे, नौदल आहे, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. लाल भागात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर मनाईचे आदेश काढतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघायचे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. एकाची मुदत संपेपर्यंत पुढचा आलेला असतो. ‘२४९ ग्रॅमचा आहे, नॅनो आहे, त्याला काही लागत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला काही सवलती आहेत हे खरं. हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा नाही. पण लाल भाग नॅनोलाही लालच असतो. आणि पात्यांभोवतीचं संरक्षक जाळं लावलंत की वजन २५० च्या वर जातं, मग तो नॅनोही राहत नाही.

मंडळाच्या पोरांनी मिरवणुकीवर उडव म्हणून फार गळ घातली होती. नाही म्हणालो. दोन-तीन जण अजून तोंड फिरवून जातात.

त्यामुळे माझं उडवणं म्हणजे रविवारी पहाटेची कल्याण लोकल, तिथून मुरबाडची एसटी, आणि पुढे नातेवाइकांची शेतं. ही कटकट वाटते, पण तिचा एक फायदा झाला. दोन-अडीच तास प्रवास करून गेलेला माणूस बॅटरी न भरता जात नाही.

पहिल्यांदा आपटला तो तिसऱ्याच दिवशी, आणि तोही घरात. म्हणजे सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. सेक्रेटरीकाकांना विचारून, दारं लावून सराव करत होतो. आत जीपीएस नसतो, ड्रोन फक्त पोटाखालच्या सेन्सरवर उभा राहतो. काका कौतुकाने बघायला आले आणि उकडतंय म्हणून त्यांनी पंखा लावला. पंख्याचा झोत वरून बसल्यावर ड्रोन आधी डुगडुगला, मग सतरंज्यांच्या ढिगाकडे सरकला आणि भिंतीला घासून खाली. दोन पाती गेली. काका म्हणाले, ‘अरे, हा तर आपल्या टेबलफॅनपेक्षा नाजूक निघाला!’ पण हॉलमधला सराव मी सोडला नाही. खडूने जमिनीवर चौकोन आखायचा आणि त्याच्या कडेकडेने ड्रोन फिरवायचा, आधी शेपूट आपल्याकडे ठेवून, मग तोंड आपल्याकडे करून. तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण बोटांना माहीत नसतं. बोटांना कळायला मला तीन आठवडे लागले, आणि ते पूर्ण कळलं नव्हतं हे पुढे एप्रिलमध्ये कळलं.

दुसरं प्रकरण सविस्तर सांगतो, कारण नवीन माणूस हमखास यातच सापडतो. नोव्हेंबर, मुरबाडच्या पुढे भाताची कापणी झालेलं शेत. भाचे आजूबाजूला नाचत होते, ‘मामा लवकर, मामा लवकर.’ ड्रोन चालू केला, जीपीएसला पुरेसे उपग्रह लागायच्या आधीच वर घेतला आणि पुढे पिटाळला. चाळीस-पन्नास मीटर गेल्यावर रिमोटवरच्या फोनमधून आवाज आला, होम पॉइंट नोंदवला. मी खूश. याचा अर्थ काय ते तेव्हा डोक्यातच शिरलं नाही. चांगला सिग्नल जिथे पहिल्यांदा मिळतो ती जागा ड्रोन आपलं घर समजतो. माझ्या ड्रोनचं घर झालं बांधावरच्या जांभळाच्या झाडावर. पंधरा मिनिटांनी बॅटरी उतरत आली तेव्हा रुबाबात परत बोलवायचं बटण दाबलं आणि हात सोडून भाच्यांना म्हणालो, आता बघा, आपोआप येतो. आला. जांभळाच्या शेंड्यावर आला आणि शांतपणे उतरायला लागला.

फांद्यांत अडकल्यावर पाती फिरतच होती. रिमोटच्या दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला ओढून धरल्या की मोटर बंद पडतात, तेवढं आठवलं हे नशीब. नाहीतर मोटर जळली असती. शेजारच्या शेतातले एक काका आंबे उतरवायची आकडी घेऊन आले. वर बघत म्हणाले, ‘साहेब, पाखरू घरट्यात बसलंय तुमचं.’ अर्ध्या तासाने ते खाली आलं. एक पातं तुटलेलं, ड्रोनच्या एका हाताला, म्हणजे मोटरच्या दांडीला, चीर. काकांनी चहाशिवाय सोडलं नाही.

तेव्हापासून मी १२ उपग्रह दिसल्याशिवाय उठवत नाही. उठवला तरी डोक्याएवढ्या उंचीवर पंधरा-वीस सेकंद तसाच उभा ठेवतो आणि होम पॉइंट नकाशावर माझ्या पायाशी आहे का ते बघतो. तरंगताना गोल गोल वाहायला लागला तर कंपास बिघडलाय असं समजून उतरवतो. रस्त्याखालच्या सिमेंटच्या मोरीवरून किंवा गाडीच्या टपावरून उडवलं की कंपास गोंधळतो, आतल्या लोखंडामुळे. आणि परतीची उंची! मित्राने ती ३० मीटर ठेवलेली होती. आजूबाजूला ताड-माड असतील तर ३० मीटर पुरत नाहीत. या मॉडेलला समोर बघणारा सेन्सर नाहीच, वाटेत आलेल्या झाडात तो सरळ घुसतो. मी प्रत्येक जागी सर्वांत उंच झाड किंवा टॉवर बघून त्यावर वीस मीटर धरतो. ही उंची दर जागी नव्याने ठरवायची असते. एकदा लावली की झालं, असं नाही.

समुद्राचं जानेवारीत झालं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, पुढे अलिबाग तालुक्यातला एक मोकळा किनारा. नकाशा बघून, गावात विचारून गेलो होतो. सकाळी साडेसातची वेळ, वाळूवर वारा नाहीच म्हणावा असा. ड्रोन समुद्राकडे सोडला, भुर्रकन गेला. इतका भुर्रकन गेला तेव्हाच शंका यायला हवी होती. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा असतो. खाली वाळूवर तो जाणवत नाही, साठ-सत्तर मीटरवर चांगलाच असतो. जाताना पाठीवर वारा, येताना तोंडावर. बॅटरी ५५ टक्क्यांवर असताना वळवला, परतीचं बटण दाबलं, आणि पडद्यावरचं अंतर उतरेचना. सातशे मीटर, सहाशे नव्वद, सहाशे ऐंशी. या ड्रोनची वाऱ्याची क्षमता सेकंदाला साडेआठ ते साडेदहा मीटर सांगितली आहे, म्हणजे ताशी तीस ते अडतीस किलोमीटर. साध्या मोडमध्ये त्याचा स्वतःचा वेगच सेकंदाला दहा मीटर. वाऱ्याने त्यातले सात-आठ खाल्ले तर उरलं काय?

बायको शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, ‘खाली आण ना त्याला, खाली वारा नाहीये.’ आपोआप परतणं बंद केलं, जास्त वेगाचा स्पोर्ट मोड लावला आणि उंची पंधरा मीटरवर आणली. त्याच्या खाली गेलो नाही, कारण पाण्याच्या हलत्या पृष्ठभागावर पोटाखालचा सेन्सर फसतो. तो आला, ९ टक्क्यांवर ओल्या वाळूत टेकला. आता पहिला फेरा नेहमी वाऱ्याच्या तोंडावर असतो, म्हणजे परतीला वारा मदत करतो. आणि पन्नास टक्क्यांना परत फिरायचं हा नियम मी पाण्यावर साठ केला आहे. ड्रोनच्या डब्यावर एका बॅटरीची ३१ मिनिटं लिहिलेली आहेत. मी १८ धरतो.

घारींचं वेगळंच. मुंबईच्या आसपास, विशेषतः कचरा किंवा मासळी असेल तिथे, घारी भरपूर. ड्रोनभोवती एक घिरटी घालायला लागली की मी फोटो वगैरे विसरून त्याला सरळ वर चढवतो. घार वरून झेप घेते, उभं वर चढणं तिला जड जातं. दूर गेली की आडवं सरकून उतरतो. मार्चमध्ये दोन घारी एकदम आल्या. तो दिवस तिथेच संपवला, जागा त्यांची आहे. सरळ खाली वेगाने उतरायचं मात्र कुठल्याच कारणाने नाही. स्वतःच्याच पात्यांनी ढवळलेल्या हवेत तो गटांगळ्या खातो. थोडा पुढे सरकवत सरकवत उतरवला की सुरळीत येतो. आणि संक्रांतीच्या आठवड्यात बॅग उघडायचीच नाही. मांजा पडद्यावर दिसत नाही.

तारांचंही तेच. तिसरी आपट तारेचीच. एप्रिल, मावशीच्या अंगणात सगळं कुटुंब जमलेलं, ‘एक व्हिडिओ काढ.’ ड्रोनचं तोंड आमच्याकडे, मावशीबाई हात हलवतायत, मला त्याला थोडं डावीकडे न्यायचं होतं. बोटाने जुन्या सवयीने डावं दाबलं, तो गेला उजवीकडे, आणि तिथे खांबावरून घरात येणारी विजेची काळी वायर. टकटक असा आवाज आणि खाली तुळशीवृंदावनाशेजारी. कुणाला लागलं नाही हे खरं तर माझं शहाणपण नव्हे, नुसतं नशीब. माणसं इतक्या जवळ असताना उडवायलाच नको होता. अंगणात शिरल्यावर आधी वर बघायचं आणि तारा मोजायच्या, हे तेव्हापासून करतो. मावशी अजून फोनवर विचारते, ‘तुझं ते विमान बरं आहे का?’

पात्यांबद्दल एक. एकूण आठ असतात, छोट्या स्क्रूने बसवलेली, खूण असलेली आणि नसलेली. खुणेची पाती खुणेच्याच हातावर बसतात. चुकलं तर ड्रोन उठताच उलटतो. बारीक खाच दिसली तरी मी जोडी बदलतो. नखाने कडेवरून फिरवून बघतो, डोळ्यांना न दिसणारी खाच नखाला लागते.

बॅटरीत मी स्वतःचं नुकसान करून घेतलं. रविवारी जायचं म्हणून शुक्रवारी रात्रीच तिन्ही भरायच्या, बेत रद्द झाला की तशाच कपाटात. लगेच पुढचा बेत, पुन्हा भर. त्यातली एक मे महिन्यात फुगली. हातात घेतल्यावर किंचित टम्म लागते, ड्रोनमध्ये सरकताना घट्ट जाते. ती वापरातून काढली, ई-कचऱ्यात दिली. आता शुक्रवारी रात्री भरतच नाही. शनिवारी रात्री, जाणं नक्की झाल्यावरच. एरवी ५०-६० टक्क्यांवर ठेवतो. आणि लोकलच्या डब्यात उन्हाच्या बाजूला बॅग ठेवत नाही. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगलाही लावत नाही.

आता जून लागलाय. ढग आले, बॅग बंद. या ड्रोनला पाण्यापासून कुठलंच संरक्षण नाही आणि मुंबईची हवा तर पाऊस नसतानाही ओलीच. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या. दर पंधरा दिवसांनी बॅटऱ्या बघतो, फार उतरल्या असतील तर थोड्या भरतो. हॉलमधला खडूचा चौकोन चालू आहे. त्यासाठी हवामान लागत नाही, फक्त काकांना पंखा लावू नका म्हणून सांगावं लागतं.

२८ हजार वसूल झाले का, असं बायको विचारते. तिला मी जांभळावरून काढलेला तो शेवटचा व्हिडिओ दाखवतो: खाली छोटे छोटे भाचे, मान वर करून उभा असलेला मी, आणि मग नुसती पानंच पानं.