शिक्षा कोणाला, किती आणि कोणी ठरवायची : नाशिकमधील एका कार्यशाळेचा अनुभव

पंचवटीतील आमच्या कबड्डी मंडळाचा मी गेली नऊ वर्षे सचिव आहे. पहिल्या संघातील दहा मुलांना मंडळ हंगामभर मानधन देते, त्यांच्याकडून करारावर सही घेते आणि निमंत्रित स्पर्धांसाठी त्यांना जिल्ह्याबाहेर पाठवते. म्हणजे लहान प्रमाणात का होईना, ही मुले व्यावसायिक खेळाडूच आहेत. गेल्या महिन्यात मी आणि आमचे खजिनदार कॉलेज रोडवरील एका सभागृहात भरलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो होतो. ‘मैदानाबाहेरील वर्तन आणि शिस्त’ हा तिचा विषय होता आणि क्रीडामंडळांचे पदाधिकारी, शाळांतील क्रीडाशिक्षक, तसेच सातपूर-अंबडमधील कंपन्यांच्या संघांचे व्यवस्थापक यांच्यासाठी ती होती. संस्था लहान आहे आणि अभ्यासक्रम अजून घडतो आहे, म्हणून तिचे नाव येथे देत नाही. पण अशा कार्यशाळेला जावे की नाही, असा प्रश्न इतर मंडळांना नक्की पडत असेल, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आम्ही का गेलो, हे आधी सांगायला हवे. मागच्या हंगामात एक स्पर्धा जिंकून परतताना आमची मुले मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळच्या एका ढाब्यावर जेवायला थांबली. त्यातील तिघे दारू प्यायले होते. हिशेबावरून वाद झाला, टेबल उलटले आणि गरम शेवभाजीचे पातेले तेथे काम करणाऱ्या पोराच्या हातावर सांडले. रात्री साडेअकराला मी तेथे पोहोचलो, तेव्हा त्याने मनगटापासून कोपरापर्यंत ओला गमछा गुंडाळला होता आणि तो कोणाशीच बोलत नव्हता. दवाखान्याचे बिल आम्ही भरले, मालकाची माफी मागितली आणि पोलिसांपर्यंत प्रकरण गेले नाही. नंतर जे झाले, त्याची मला आजही लाज वाटते. त्या तिघांपैकी एक आमचा मुख्य चढाईपटू होता आणि आठ दिवसांवर उपांत्य सामना होता. कार्यकारिणीने त्याला तोंडी समज देऊन खेळवले, दुसऱ्याला एका सामन्यापुरते बसवले आणि तिसऱ्याला, जो राखीव कोपरारक्षक होता आणि ज्याच्या बाजूने बोलणारे बैठकीत कोणी नव्हते, मंडळातून काढून टाकले. तो मला एवढेच म्हणाला, “भाऊ, टेबल मी धरायला गेलो होतो.” हे खरे होते की नाही, याची चौकशी आम्ही केलीच नाही.

कार्यशाळेचे शुल्क माणशी २,८०० रुपये होते. त्यात दोन्ही दिवसांचे जेवण, छापील पुस्तिका आणि नमुना नियमावली यांचा समावेश होता. आसनव्यवस्था आणि जेवण ठीक होते, ध्वनिव्यवस्था पहिल्या दिवशी खराब होती. बावीस जण उपस्थित होते. शिकवणारे दोघे : शारीरिक शिक्षणाचे एक निवृत्त प्राध्यापक आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एक समुपदेशक.

पहिल्या दिवसाचे दुपारचे सत्र हे या कार्यशाळेचे खरे बळ आहे आणि केवळ तेवढ्यासाठी शुल्क भरले तरी पैसे वसूल होतात. प्राध्यापकांनी त्यासाठी ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगची उदाहरणे निवडली होती. रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंचा, सहा पकडींनंतर चेंडू सोडावा लागणारा खेळ. १८९५ मध्ये इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे मूळ रग्बीपासून तो वेगळा झाला, आणि त्याचे एक मुख्य कारण म्हणजे सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई कामगार खेळाडूंना द्यावी की नाही, हा वाद होता. अंगाला अंग भिडवणारा, कष्टकरी वस्त्यांतून वाढलेला हा खेळ कबड्डीच्या माणसाला लगेच जवळचा वाटतो. तेथील नॅशनल रग्बी लीगमध्ये पैसा आणि प्रसिद्धी प्रचंड आहे, आणि दारू पिऊन झालेल्या प्रकारांची यादीही तितकीच लांब आहे. त्यामुळे शिक्षेचे जवळजवळ सगळे प्रयोग तेथे करून झालेले आहेत.

पहिले उदाहरण टॉड कार्नी या खेळाडूचे होते. कॅनबेरा रेडर्सने २००८ मध्ये त्याचा करार संपवला, पुढे न्यायालयाने त्याला त्याच्या स्वतःच्या गोलबर्न या गावात वर्षभर येण्यास मनाई केली, आणि २००९ चा हंगाम त्याने क्वीन्सलंड राज्याच्या उत्तर भागातील ॲथर्टनच्या स्थानिक संघाकडून खेळून काढला. २०१० मध्ये सिडनी रूस्टर्सने त्याला घेतले. त्याच वर्षी तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक जिंकला आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेला संघ अंतिम सामन्यात पोहोचला. २०११ मध्ये दारूच्याच कारणावरून रूस्टर्सने त्याला सोडले आणि २०१४ मध्ये एका अश्लील छायाचित्रामुळे क्रोनुला शार्क्सनेही काढून टाकले. तीन क्लब, तीन हकालपट्ट्या. प्राध्यापकांनी फळ्यावर ही तीन वर्षे लिहिली आणि विचारले की, प्रत्येक वेळी क्लबची अडचण सुटली हे खरे, पण खेळाडूची सुटली का? सभागृहात बराच वेळ कोणी बोलले नाही. मला आमचा कोपरारक्षक आठवत होता.

त्याच्या शेजारी त्यांनी जेक फ्रेंडचे नाव लिहिले. दारूशी संबंधित प्रकारांमुळे रूस्टर्सने २००९ मध्ये त्यालाही काढले होते. पण पुढच्या हंगामासाठी परत घेतले. तो पुढे त्याच क्लबचा कर्णधार झाला आणि २०१३, २०१८ आणि २०१९ ही तिन्ही विजेतेपदे मिळवणाऱ्या संघांत होता. शिक्षा दोघांनाही सारखीच कठोर झाली होती. फरक एवढाच की फ्रेंडला ज्यांनी काढले, त्यांनीच परत येण्याची वाट उघडी ठेवली. एका खेळाडूच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही, हे प्राध्यापकांनी स्वतःच बजावले आणि ते मला आवडले. त्याच २००९ च्या हंगामात रूस्टर्सचे प्रशिक्षक ब्रॅड फिटलर यांनाही टाउन्सव्हिलच्या एका हॉटेलमधील मद्यधुंद वर्तनाबद्दल क्लबने १०,००० डॉलरचा दंड केला होता, हा तपशील त्यांनी जाता जाता सांगितला. उपस्थित पदाधिकाऱ्यांपैकी काहींनी तेव्हा खाली पाहिले. विजयानंतर मुलांच्या हातात पहिली बाटली कोण देतो, हे आपल्या मंडळांत सर्वांना ठाऊक असते.

रूस्टर्सचाच खेळाडू मिचेल पीअर्स याच्या प्रकरणावर सर्वाधिक चर्चा झाली. २६ जानेवारी २०१६ च्या एका घरगुती पार्टीत नशेत त्याने केलेल्या लज्जास्पद वर्तनाची मोबाईलवरील चित्रफीत सर्वत्र पसरली. त्याला १,२५,००० डॉलर दंड आणि आठ सामन्यांची बंदी झाली, रूस्टर्सचे सहकर्णधारपद गेले आणि उपचारासाठी तो परदेशातील केंद्रात गेला. २०१९ मध्ये, न्यूकॅसलकडून खेळत असताना, तो न्यू साउथ वेल्स राज्याच्या संघात परतला आणि क्वीन्सलंडविरुद्धच्या मालिकेचा निर्णायक सामना जिंकणाऱ्या संघात होता. येथे शिक्षेला आकडा होता, मुदत होती आणि उपचार होता. ती कधी संपणार, हे खेळाडूला पहिल्याच दिवशी माहीत होते. आमच्या मंडळाने ज्याला काढले, त्याला आम्ही मुदत सांगितली नव्हती. “पुढे बघू” असे म्हणालो होतो, आणि पुढे कोणीच पाहिले नाही.

घाईतील शिक्षेचा धोका ब्रेट स्ट्युअर्टच्या उदाहरणातून आला. २००९ मध्ये मॅन्ली क्लबच्या हंगामारंभाच्या समारंभानंतर त्याच्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप झाला. लीगने त्याला समारंभातील मद्यपानाच्या कारणावरून चार सामने बाहेर बसवले आणि क्लबला १,००,००० डॉलर दंड केला. २०१० मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले, पण गेलेले सामने आणि डागाळलेले नाव त्याला कोणी परत देऊ शकले नाही. पुढे २०१९ मध्ये लीगने नियमच लिहून काढला : ज्या गुन्ह्यासाठी अकरा वर्षे किंवा अधिक कैदेची तरतूद आहे, त्याचे आरोपपत्र आले की खेळाडू पूर्ण वेतनासह आपोआप बाहेर बसेल आणि त्यात दोषाचा निवाडा मानला जाणार नाही. या नियमाखाली बाहेर बसवलेल्या जॅक डी बेलिन या खेळाडूने त्याला फेडरल न्यायालयात आव्हान दिले आणि तो हरला. त्याच्यावरील उरलेले आरोप दोन खटल्यांनंतर २०२१ मध्ये मागे घेतले गेले. हा नियम मला पूर्णपणे पटत नाही, कारण खेळाडूचे वय थांबत नाही आणि वेतन मिळाले तरी हंगाम परत येत नाही. तरीही मुख्य खेळाडूला एक न्याय आणि राखीवाला दुसरा, याला त्यात जागा नाही, एवढे मान्य करावे लागते.

आता उणिवा. संस्थेने दिलेली नमुना नियमावली परदेशी नियमांवरून घाईने उतरवलेली दिसते. तिच्यात पहिल्या गैरवर्तनाला २५,००० रुपये दंड सुचवला आहे. आमचा खेळाडू हंगामात महिन्याला ८,००० रुपये मानधन घेतो आणि त्यातले निम्मे घरी पाठवतो. हा दंड तो भरणार नाही, त्याची आई भरेल. दंड मानधनाच्या प्रमाणात असावा आणि तो मंडळाच्या खात्यात न जाता ज्याचे नुकसान झाले त्याच्याकडे जावा, असे मी चर्चेत मांडले. त्यावर प्राध्यापकांनी क्रिकेटमधील एक दाखला दिला. २०१९ मध्ये दूरचित्रवाणीवरील वक्तव्यांबद्दल हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांना प्रत्येकी २० लाख रुपये दंड झाला, तेव्हा त्यातील निम्मी रक्कम कर्तव्यावर प्राण गमावलेल्या निमलष्करी जवानांच्या दहा कुटुंबांना आणि निम्मी अंधांच्या क्रिकेटसाठी देण्यास सांगण्यात आले होते. प्रकार दारूचा नव्हता, पण दंडाला दिलेली दिशा योग्य होती. हा दाखला त्यांना माहीत असताना नियमावलीत मात्र दंड ‘संस्थेकडे जमा’ होतो, हे खटकते.

कायद्याचे सत्र सर्वांत कच्चे होते. दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, एवढे नीट सांगितले. पण ऑस्ट्रेलियात अठराव्या वर्षी दारू पिणे कायदेशीर असल्यामुळे तेथील शिक्षा पिण्याला नसून वर्तनाला असते, आणि महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो व कडक मद्यासाठी वयाची पंचवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, हा मूलभूत फरक कोणी मांडलाच नाही. आमच्या दहापैकी सात मुले पंचविशीच्या आतली आहेत. म्हणजे सामना जिंकल्यावर ती ढाब्यावर बाटली उघडतात, तेव्हा टेबल उलटण्याच्या आधीच नियम मोडलेला असतो, आणि जो पदाधिकारी शेजारी बसून हसतो तोही त्यात सामील असतो. शहराच्या चारही बाजूंना द्राक्षमळे आणि वाइनरी असलेल्या नाशिकमध्ये हा प्रश्न टाळून शिस्तीचा अभ्यासक्रम पूर्ण होऊ शकत नाही. क्वीन्सलंडच्या रग्बी लीग संघाने अनेक वर्षे छातीवर बिअरचे नाव मिरवले, हे त्यांनी सांगितले. पण आपल्याकडे स्पर्धांना मदत करणाऱ्यांत परमिट रूमचे मालक किती असतात, याविषयी ते बोलले नाहीत. मी प्रश्न विचारला, उत्तर थोडक्यात आटोपले गेले.

दुसऱ्या दिवशीचे समुपदेशक बाईंचे सत्र फार चांगले झाले. त्यांनी भाषण केले नाही. आम्हाला जोड्यांत बसवून शिस्तभंगाची चौकशी प्रत्यक्ष करायला लावली. एकाने खेळाडू व्हायचे, दुसऱ्याने सचिव. मला खेळाडूची बाजू आली. समोरच्या गृहस्थांनी पहिल्याच वाक्यात “तू प्यायला होतास ना?” असे विचारले, आणि पुढची दहा मिनिटे मी काय बोललो याला काही अर्थच उरला नाही. बाईंनी तेथे थांबवून सांगितले की आधी “काय घडले” हे विचारा, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, वाचून दाखवा आणि मग सही घ्या. एक रात्र हातून गेलेला मुलगा आणि दररोज पिणारा मुलगा यांना एकच शिक्षा देऊ नका, हेही त्यांनी उदाहरणांनिशी समजावले. हे सत्र दीड तासाऐवजी अर्धा दिवस असायला हवे.

परतल्यावर आम्ही नमुना नियमावली बाजूला ठेवून स्वतःची दोन पानांची लिहिली. चौकशी तिघांनी करायची, त्यातील एक खेळाडूंनी निवडलेला. निर्णय सात दिवसांत द्यायचा. बंदीची मुदत लेखी असेल. दंड त्या महिन्याच्या मानधनाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसेल. आणि प्रवासात पदाधिकाऱ्यानेही प्यायचे नाही. शेवटच्या कलमावर बैठक दोन तास चालली आणि दोन जण सही न करता उठून गेले. ते कलम मात्र आम्ही ठेवले आहे.

कर्णधारांसाठी वेगळे सत्र ठेवले आणि कायद्याच्या भागासाठी वकील बोलावला, तर पुढच्या वेळी आमच्या मंडळातून चार जण जातील. तोवर ज्या मंडळांना जायचे आहे, त्यांनी पहिल्या दिवशी दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सत्र चुकवू नये आणि नमुना नियमावलीवर आहे तशी सही करू नये.

आमच्या कोपरारक्षकाची चौकशी आम्ही नव्याने सुरू केली आहे. तो आता पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या गाड्या भरतो. नोंदणीकृत पत्र पाठवले होते, ते त्याने घेतले. उत्तर अजून आलेले नाही, म्हणून या रविवारी मी स्वतः जाणार आहे.