जेवणाआधी वाइनचा ग्लास की जेवणासोबत?

गंगापूर रोडला मित्राकडे बसलो की हाच वाद. आधी घेतली की मटण शिजेपर्यंत कांदा-लिंबू मारलेला चिवडा अख्खी परात साफ, कारण रिकाम्या पोटी ती भराभर चढते आणि भूक मरायच्या ऐवजी खवळते. 150 मिली वाइनमध्ये नुसत्या अल्कोहोलच्याच 100च्या आसपास कॅलरी, पण पोट त्या हिशेबात धरतच नाही. 2017 मध्ये लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटने उंदरांवर बघितलं, तर उपाशीपणी जागे होणारे मेंदूतले न्यूरॉन दारूनेच जागे झाले (म्हणजे दोष एकट्या चिवड्याचा नाही बरं). जेवणासोबत घेतली तर सावकाश भिनते, तरी रश्श्यात तिसरी भाकरी कधी कुस्करली कळत नाही. मी सोबतच घेतो, निदान चकणा तरी वाचतो.