इंदूर महापालिकेचे हरित रोखे : शेतकरी कुटुंबाच्या नजरेतून परीक्षण

कापसाचे चुकारे, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती आले की उरलेली रक्कम तालुक्याच्या बँकेत मुदत ठेवीत टाकायची, ही आमच्या हिंगणघाट भागातील रूढ वाट आहे. तिला पर्याय म्हणून आमच्या घराने फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेच्या हरित रोख्यांसाठी, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठी तिने लोकांकडून घेतलेल्या कर्जाच्या रोख्यांसाठी, अर्ज केला. व्याज वार्षिक ८.२५ टक्के, दर सहा महिन्यांनी जमा होणारे; बँका तेव्हा सात टक्क्यांच्या आसपास देत होत्या. शेअर व रोखे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे डिमॅट खाते असल्यामुळे अर्ज गावातूनच, मोबाइलवरून झाला.

मात्र या रोख्याचे खरे गुण व्याजदरात नसून परतफेडीच्या रचनेत आहेत. १,००० रुपयांचा रोखा २५० रुपयांच्या चार भागांत विभागलेला असून ते भाग अनुक्रमे तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी फेडायचे आहेत. म्हणजे मुलीचे शिक्षण, विहिरीचे काम असे खर्च डोळ्यांपुढे ठेवून हिशेब मांडता येतो. महापालिकेचे ठरावीक उत्पन्न आधी एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या खात्यात, जाते, तेथून व्याज आणि मुद्दल यांसाठीची रक्कम बाजूला काढली जाते आणि उरलेलेच पैसे महापालिकेच्या हाती पडतात. कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकावा लागे, त्या एकाधिकार खरेदीच्या काळात सोसायटीचे पीककर्ज चुकाऱ्यातूनच कापून घेतले जाई, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. उभारलेले २४४ कोटी रुपये नर्मदाकाठच्या जलूद येथील ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी आहेत. नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत उपसून आणण्याचे वीजबिल त्यातून कमी व्हावे, हा हेतू मला पटण्याजोगा वाटला.

कायद्याची चौकटही पाहून घ्यावी. स्थानिक संस्थांच्या कर्जांसाठी १९१४ पासून कायदा आहे आणि कर्ज काढण्यास राज्य शासनाची मंजुरी लागते. शेअर व रोखे बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या विनियमांनुसार मागील ३६५ दिवसांत कर्जफेड चुकवलेल्या पालिकेला रोख्यांची जाहीर विक्री करता येत नाही. परंतु राज्याची मंजुरी म्हणजे परतफेडीची हमी नव्हे, हे आमच्याकडच्या अनेकांच्या लक्षात येत नाही. बँकेतील ठेवीला असलेले पाच लाखांपर्यंतचे विमाकवचही येथे नाही.

उणिवा आहेत. रोखे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदलेले असले तरी उलाढाल तुरळक असते. पेरणीच्या तोंडावर पैसा लागलाच, तर ग्राहक मिळेल आणि भावही बरा मिळेल, असे गृहीत धरू नये. व्याज करपात्र आहे. माहितीपत्रक जाडजूड आणि इंग्रजीत आहे, त्यामुळे ‘सरकारी आहे’ एवढ्यावरच विश्वास टाकण्याचा मोह होतो.

ज्यांची नऊ वर्षे थांबण्याची तयारी आहे आणि ज्यांच्या बियाणे-खताची सोय वेगळी आहे, त्यांना मी असे रोखे सुचवीन. बाकीच्यांनी मुदत ठेवच बरी म्हणावी. आपल्याकडील लहान नगरपंचायतींना एकट्याने अशी विक्री झेपणार नाही, मात्र तमिळनाडूने २००२ मध्ये १३ लहान शहरांची गरज एकत्र करून सुमारे ३० कोटींचे रोखे काढले होते. तशी सोय विदर्भातील गावांच्या पाणीयोजनांसाठी झाली, तर परतफेडीची अशीच रचना तपासून मी पहिला अर्ज तिथे करीन.