पोच होती, परवाना नव्हता

घराला कुंपण घालायचं काम ते केवढं! म्हणून "परवानगीचं माझ्यावर सोडा साहेब," असं ठेकेदार म्हणाला, तेव्हा मी खरंच सोडलं. तिथेच गंडलो.

चार दिवसांनी त्याने एक कागद आणला. गोल शिक्का, निळ्या शाईत नंबर, तारीख, खाली तिरकी सही. निम्मे पैसे आधीच दिले होते, कागद पाहून आणखी दिले. तो परवाना नव्हताच, अर्ज मिळाल्याची नुसती पोच होती. खाली बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. पण शिक्का दिसला की पुढचं कोण वाचतो!

आमचं घर कोपऱ्यावर. वळणावर गाडीवाल्याला पलीकडचं दिसावं म्हणून तिथे कुंपण बुटकं ठेवावं लागतं. रस्त्याकडची उंचीही मागच्यापेक्षा कमी लागते. या गड्याने चारी बाजूंनी सरसकट ६ फुटी फळ्या ठोकल्या, आणि उताराच्या बाजूला तर दीड फूट भराव टाकून त्यावर. उंची भरावापासून नाही, मूळ जमिनीपासून मोजतात, हे मला नोटीस आल्यावर कळलं. मोजणी न करता जुन्या झुडपांची रांग हीच हद्द धरल्यामुळे एक बाजू शेजारच्या काकांच्या जागेत वीतभर घुसली होती. तक्रार त्यांनीच केली. बरोबरच केलं म्हणा.

नोटीस घेऊन कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी पोचेवरचा नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. अर्ज अपूर्ण, जागेचा नकाशा जोडलेला नाही. अर्जदार मी. आणि काम करणारा? तोही मीच! 'घरमालक स्वतः काम करणार' या रकान्यात बरोबरची खूण होती. म्हणजे कागदोपत्री ठेकेदार कुठे नव्हताच. दंड माझ्या नावावर, पाडायचा खर्चही माझा. त्याने आधी फोन उचलणं बंद केलं, मग नंबरच बंद.

तुमच्या हातात असा कागद पडला तर त्यावरचा नंबर घेऊन स्वतः विचारून या: मंजूर झालाय का, किती उंचीला, आणि काम करणारा म्हणून नाव कोणाचं आहे. वसाहतीचे नियम असतील तर ते वेगळे बघावे लागतात, पालिकेच्या परवान्याने ते सुटत नाहीत. खड्डे घेण्याआधी पाणी, गॅस, विजेच्या लाइनींवर खुणा करून घ्या. माझा एक खांब पाण्याच्या पाइपापासून चार बोटांवर निघाला, नशीब! आणि अधिकारी तपासून जाईपर्यंत शेवटचा हप्ता खिशातच ठेवा.

कोपऱ्यावरचं कुंपण उतरवलं. फळ्या घरामागे ताडपत्रीखाली पडून आहेत. नवा अर्ज मीच भरला, परवा त्याची पोच मिळाली. मागे रांग खोळंबली होती, तरी खिडकीसमोर उभं राहून खालची बारीक अक्षरं आधी वाचली.