वासोट्याला जाणारी लाँच, कोयना बॅकवॉटर : ५ पैकी ४ स्टार
एप्रिलमध्ये आम्ही सांगलीहून सहाजण कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने वासोटा किल्ल्याला जाऊन आलो. कुठल्या घाटावरून बसलो ते लिहीत नाही कारण एक तक्रार पण आहे, बाकी अनुभव एक नंबर. पैसे माणशी नाही, अख्ख्या लाँचचे घेतात, त्यामुळे ग्रुप पूर्ण करून जा. सकाळी लवकर निघा, डबा घरून न्या. जंगलात शिरताना वनविभागवाले पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून घेतात, ते फार आवडलं, शेवटी वाघाचं जंगल आहे ते.

पण सांगायचंय ते लाँचवाल्या काकांबद्दल. पाणी बरंच उतरलं होतं, दोन्ही काठांना लाल मातीचा उघडा पट्टा आणि त्यात एकाखाली एक पायऱ्यांसारखे जुने बांध दिसत होते. काकांनी इंजिन बारीक केलं आन म्हणाले, "ती आमची भातखाचरं. भावकी सगळी सोलापूरकडं गेली, आमचा आजा तेवढा वर डोंगराला सरकला."

मला काय बोलावं सुचेना. आम्हा सांगलीकरांना कोयना म्हणजे दोनच गोष्टी, उन्हाळ्यात सोडलेलं पाणी आणि पावसाळ्यात सोडलेलं पाणी. उन्हाळ्यात सोडलं की ताकारी-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पंप चालतात, माझ्या मामाची द्राक्षबाग त्याच्यावरच उभी आहे, आणि पावसाळ्यात सोडलं की आम्ही सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे फूट मोजत बसतो, धोक्याची पातळी ४५ आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं, घरातली गव्हाची कोठी पाण्यात तरंगताना मी बघितलीय. १०५ टीएमसीचं धरण, १९६० मेगावॉटचा प्रकल्प, वीज करून झालेलं बरंचसं पाणी बोगद्यातून पलीकडं कोकणात वाशिष्ठी नदीला जातं. आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, धरणातल्या पाण्यामुळं झालेल्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर कोयनेचंच नाव घेतात, आमची आजी त्या पहाटे पोरांना घेऊन अंगणात पळालेली.

धरण नकोच असं मी म्हणणार नाही, मामाच्या बागेत उभं राहून तसं म्हणवत नाही. पण जुलैमध्येच भरून घ्यायची घाई नको, पुरासाठी जागा मोकळी ठेवायलाच पाहिजे. आणि धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसते, ते आधी मिटवा.

आता तक्रार. सहापैकी दोन लाईफ जॅकेटचे बक्कल तुटलेले, एकाला सुतळी बांधलेली. खाली खोल पाणी, आणि ब्रह्मनाळला महापुरात बोट उलटली ते आमच्या जिल्ह्यात अजून कुणी विसरलेलं नाही. उतरल्यावर काकांना दाखवलं, त्यांनी दोन्ही जॅकेट तिथल्या तिथं बाजूला काढली आणि पुढच्या ग्रुपला चारच माणसं बसवली.